ओळखीच्या चित्रपटाचा आधार

रनाळ्यासारख्या गावात दुकानदाराला उदास होण्याची सवडच नसते, असे मी अनेक वर्षे मानत आलो. वडील गेले त्या वर्षी हा समज मोडला. दिवस गिऱ्हाइकांत निघून जाई. पण सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की पुढची सायंकाळ अंगावर येई. रोजमेळाचे पान उघडून मी नुसताच बसून राही. आपल्या व्यापारी घरांत पैशाचा तोटा चारचौघांत बोलत नाहीत. मनाचा तोटा तर घरातही बोलत नाहीत.

वेळ जावा म्हणून दूरदर्शन संच सुरू करी. बातम्यांवरील भांडणे आणि गुन्ह्यांच्या मालिका पाहता पाहता मध्यरात्र होई आणि झोप उडे. एके दिवशी पत्नी म्हणाली, “अहो, दुकानात धान्याचा दाणा पारखून घेता, मग डोळ्यांपुढे काहीही कसे येऊ देता?”

तेव्हापासून आम्ही निवड करू लागलो. पहिली निवड चुकली. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. मुले पोट धरून हसली. मला मात्र त्या हसण्यात अधिकच एकटे वाटले. खचलेल्या मनाला एकदम हसायला लावणे बरे नव्हे, हे त्या दिवशी कळले.

पुढच्या आठवड्यात हृषीकेश मुखर्जींचा ‘बावर्ची’ (१९७२) पाहिला. शांतिनिवास नावाचे घर, त्यात सतत कुरबुरी, आणि ते घर सांधणारा रघू स्वयंपाकी. चित्रपट अनेकदा पाहिलेला. पुढे काय होणार याची धास्ती नव्हती. ती धास्ती दिवसभर पुरेशी असते. त्या घरातले वृद्ध दादूजी पडद्यावर आले आणि माझी नजर वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. वडील गेल्यानंतर मी प्रथमच मोकळेपणाने रडलो. कुणी समजूत घातली नाही. पत्नी शेजारी बसून राहिली, एवढेच. त्या रात्री झोप लागली.

पुढे काही गोष्टी अनुभवाने ठरत गेल्या. पाहिलेलाच चित्रपट निवडावा, गती संथ असावी. एक संपला की संच बंद करावा. अंथरुणात एकट्याने मोबाइल धरून एकामागून एक भाग पाहिल्याने मन हलके होत नाही, नुसते थकते. शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने पाहावे. मुखर्जींचाच ‘आनंद’ (१९७१) आम्ही वर्षभर दूर ठेवला. आजारपण आणि मृत्यू पाहण्याचे बळ आल्यावरच पाहिला.

मात्र चित्रपट हा आधार आहे, उपचार नव्हे. झोप आणि भूक दोन आठवडे हरवली, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. मीही संकोच सोडून नंदुरबारला गेलो. याआधीच जायला हवे होते. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास उपलब्ध आहे. तो दुकानातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे.

गेल्या दिवाळीत मुलांनी पुन्हा ‘बनवाबनवी’ लावला. या वेळी मीही त्यांच्याबरोबर हसलो. पत्नीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागली.