पटाचे पाहुणे

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते, पुढे मळणी आटोपते, बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगाव एकच विचारणा सुरू होते : "यंदा पट कधी?" पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. नंदी हे शंकराचे वाहन, म्हणून हे नाव पडले असे जुनी माणसे सांगतात. मोठ्या शहरांत क्रिकेटचे सामने भरतात तेव्हा त्यांसाठी भव्य क्रीडांगणे लागतात. झाडीपट्टीतील खेड्याला सपाट, मोकळे रान पुरते.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात एक वृद्ध शेतकरी राहतात. सारा गाव त्यांना आबाजी म्हणतो. त्यांनी शर्यतीत जोडी कधी पळवली नाही. त्यांच्या गोठ्यात बैल होते ते नांगराचे. तरीही पट हा त्यांना घरचाच सण वाटतो, आणि त्याचे कारण पाहुणे. पटाच्या आदल्या दिवसापासून लेकी-जावई, व्याही, मामे-मावसभाऊ येऊ लागत. बालाघाटकडून येत, राजनांदगावकडून येत. राज्याची सीमा त्यांना आडवी येत नसे. ओसरीवर तणस पसरून त्यावर सतरंज्या घातल्या जात. चुलीवर भाताचे मोठाले गंज चढत. कोणाच्या ओळखीचा कोण, हे पुसण्याची रीत नव्हती. दारी आला तो जेवून जाई. कितीतरी सोयरिकी या पटाच्या गर्दीतच जुळल्या. रात्री झाडीपट्टीचे नाटक असे, ते पहाटेपर्यंत चाले. घरच्या बायकांच्या वाट्याला मात्र पटाची धाव क्वचितच येई. त्यांचा दिवस चुलीपुढे जाई, आणि आपल्या गावचा पट त्यांना कळे तो दुरून येणाऱ्या आरोळ्यांवरून. ही गोष्ट आबाजींच्या ध्यानात फार उशिरा आली.

धाव ती केवढीशी! हलक्या छकड्याला दोन बैल जुंपलेले, त्यावर एकच हाकणारा. कोठे दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, कोठे एकच जोडी पळते आणि घड्याळ तिचा वेळ मोजते. जोडी सुटली की धुळीचा लोट उठतो, माणसे टाचा उंचावतात, आणि कोण पुढे हे नीट उमगेपर्यंत सारे संपलेले असते. या काही सेकंदांसाठी माणसे दोन-दोन दिवस घर सोडून येतात, याचे परक्याला नवल वाटेल.

दिनांक ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली, आणि आबाजींच्या गावचा पट थांबला. गावात संताप झाला. वाडवडिलांपासून चालत आलेला खेळ कोणी बंद करावा, असे जो तो म्हणू लागला. आबाजीही तेच म्हणत. परंतु एके दिवशी त्यांच्या नातीने सहज विचारले, "आबाजी, शर्यत जिंकल्याचे बैलाला कळते का?"

आबाजींना उत्तर सुचले नाही. त्यांची नजर आढ्याला खोचलेल्या तुतारीकडे गेली. तुतारी म्हणजे बैल हाकण्याची काठी. तिच्या टोकाला अणकुचीदार खिळा असतो. शर्यतीत हा खिळा बैलाच्या पाठीमागे कसा टोचला जाई, त्याची शेपटी कशी पिरगाळली जाई, हे त्यांनी अनेक वर्षे पाहिले होते. पाहिले होते, पण त्यावर कधी विचार केला नव्हता. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी याच बैलाचे खांदे हळद आणि तुपाने शेकायचे, उद्या जेवायला ये म्हणून त्याला आमंत्रण द्यायचे. आणि माघात त्याच्याच अंगात खिळा खुपसायचा. दारी आलेल्या परक्यालाही उपाशी न पाठवणाऱ्या गावाने आपल्या या पहिल्या पाहुण्याशी असे वागावे, हे त्यांना खुपू लागले. मुक्या जनावरांना छळू नये असा कायदा देशात १९६० सालीच झाला होता.

पण पटावाचूनचे हिवाळेही सुने गेले. नाटक झाले, तरी लेकी येण्यासारखा निरोप धाडायला निमित्त उरले नाही. २०२१ साली टोकियो शहरात ऑलिंपिक सामने झाले, ते महामारीमुळे बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांवाचूनच. तेथे धावणारे होते, पाहुणे नव्हते. आबाजींच्या गावी पाहुण्यांना बसायला ओसरी होती, पण धावणारे नव्हते.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये शर्यतींसाठी कायदा केला होता. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा योग्य ठरवला. आता पटाआधी पशुवैद्य बैल तपासतो, आणि हाकणाऱ्याच्या हाती काठी किंवा चाबूक असता कामा नये असा नियम आहे. तो सर्वत्र पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस आबाजी करीत नाहीत. पट पुन्हा भरला तेव्हा ते धावेच्या शेवटाशी उभे राहिले आणि पुढे कोण आले याकडे न पाहता बैलांच्या पाठी न्याहाळत राहिले. नात त्यांच्या सोबत होती. तिची आजीही होती. त्या दिवशी भात दुपारीच उतरवून ठेवला होता.

आता त्यांना काळजी लागली आहे ती निराळीच. चिखलणीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आले. बैल पोसणे परवडेना. आबाजींची स्वतःची जोडीही गेली, गोठ्यात एक गाय उरली आहे. गेल्या पोळ्याला गावच्या तोरणाखाली उभ्या राहिलेल्या जोड्या त्यांनी मोजल्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरला, तेव्हा मुलांनी आणलेले लाकडी बैल त्यांहून अधिक होते.