ही गोळी कशासाठी?

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढाला घेऊन येणाऱ्या पालकांकडे एक फुगलेली फाइल असते आणि एक गोळ्यांची पिशवी. मी आधी पिशवी बघतो. डॉक्टरांनी काय लिहिलं ते फाइलमध्ये सापडतं, पेशंटच्या पोटात काय जातं ते पिशवीत. दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही. नेहमीचा ऐवज असा: फिटची दोन औषधं, चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन, झोपेसाठी क्लोनाझेपाम, हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, पित्ताची गोळी आणि पोट साफ होण्यासाठी एक बाटली.

पाच किंवा जास्त औषधं रोज चालू असली की वैद्यकात त्याला पॉलिफार्मसी म्हणतात. आयर्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या चाळिशीपुढच्या व्यक्तींचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यात निम्म्याहून अधिक जण पाच किंवा जास्त औषधांवर होते आणि साधारण पाचातला एक दहा किंवा जास्त औषधांवर. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच कुणाला दोष देता येत नाही. या व्यक्तींमध्ये साधारण पाचातल्या एकाला फिट येतात, डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास नेहमीचा. ती औषधं लागतातच. माझी तक्रार वेगळी आहे: एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध सुरू होतं.

समजा, फिटसाठी लेव्हेटिरासेटॅम सुरू झालं. चांगलं औषध आहे, पण काही जणांना त्याने चिडचिड होते. घरचे म्हणतात, हल्ली फार हट्टी झालाय. मग रिस्पेरिडोन. त्याने वजन वाढतं, अंग ताठरतं, कधी आतून अशी बेचैनी येते की माणूस एका जागी बसूच शकत नाही, घरभर फेऱ्या मारतो. बोलता येणारा पेशंट ‘कसंतरी होतंय’ एवढं तरी म्हणेल. हा म्हणत नाही. फेऱ्या बघून डोस वाढतो. ताठरपणासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल येतं, त्याने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठता होते. पोटात कळ आली की तो भिंतीवर डोकं आपटतो, आणि फाइलमध्ये नोंद होते: वर्तनसमस्या वाढली, रिस्पेरिडोन वाढवले.

डोकं आपटणाऱ्या पेशंटचं मी आधी तोंड उघडून दात बघतो, मग कान, मग पोट. किडलेली दाढ, कानातला मळ, चार दिवस न झालेली शौच. मानसोपचारतज्ज्ञाने दात काय बघायचे, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. वाटू दे.

आक्रमकतेवर रिस्पेरिडोनसारखी औषधं चालतात तरी किती? 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या 86 आक्रमक प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल आणि काहींना औषध नसलेली खोटी गोळी दिली. चार आठवड्यांनी आक्रमकता तिन्ही गटांत घटली, आणि सर्वांत जास्त घटली ती खोट्या गोळीच्या गटात. चाचणी लहान होती, तिच्यावर वादही झाले. मला तिच्यातून एवढं कळतं की कुणीतरी नियमित येऊन नीट चौकशी करतं, याचाच मोठा गुण येतो.

इंग्लंडमध्ये 2015 साली अंदाज निघाला की मानसिक आजाराचं योग्य निदान नसताना तीस ते पस्तीस हजार अशा प्रौढांना मनोविकारांवरची औषधं चालू आहेत. पुढच्या वर्षी तिथल्या आरोग्यसेवेने ती कमी करण्यासाठी ‘स्टॉम्प’ ही मोहीम काढली. आपल्याकडे एवढी मोजदादही नाही. अठरा वर्षं झाली की बालरोगतज्ज्ञ सुटतात, विशेष शाळा सुटते. पुढे फिटचा डॉक्टर एक, झोपेचा दुसरा, आणि मधल्या काळात मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देत राहतो. प्रत्येक जण आपली गोळी वाढवतो. दुसऱ्याची काढणं हे कुणाचंच काम नसतं. कोणती गोळी कुणी, का सुरू केली हे फक्त आईला ठाऊक असतं, आणि मुलगा पंचेचाळिशीचा तर आई सत्तरीच्या पुढे. ती गेली की भावाच्या किंवा वसतिगृहाच्या हातात नुसत्या स्ट्रिप्स उरतात.

हे वाचून कुणी उद्या गोळ्या फेकून देईल, ही धास्ती मला आहे. क्लोनाझेपाम किंवा फिटचं औषध एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो. औषध कमी करायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, एका वेळी एकच, आठवड्यांच्या नव्हे तर महिन्यांच्या हिशेबाने. सुरुवातीला अस्वस्थता वाढते. तो औषध सुटण्याचा त्रास असू शकतो, जुना त्रास परतला असं लगेच मानू नये. काही जणांच्या बाबतीत ‘हे औषध राहू द्या’ असाच निर्णय होतो, आणि तो विचारांती झालेला असेल तर योग्यच आहे.

पालकांना माझी विनंती एका वहीची आहे. प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी, कुणी आणि कोणत्या वर्षी सुरू केलं ते लिहा. शौच, झोप, वजन आणि फिट यांची नोंद ठेवा. वर्षातून एकदा सगळ्या औषधांचा आढावा एकाच डॉक्टरकडून मागून घ्या. आणि ती वही कुठे ठेवली आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला आजच सांगून ठेवा.