आज करायचं, उद्या खायचं

वांगं शिजवायचं आणि गार करून खायचं, हे ऐकल्यावर मला वाटलं आपलं तुर्की कच्चं आहे, म्हणून समजलं नाही. वरच्या मजल्यावरच्या तेयझेंना मी पुन्हा विचारलं. (इथे आईच्या वयाच्या बायकांना तेयझे म्हणतात.) त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं: आज करायचं, उद्या खायचं, तापवायचं नाही.

कामानिमित्त मी इझमिरला राहतो. मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे वांग्याशी ओळख जुनी. पण ती ताटातल्या वांग्याशी. कृष्णाकाठची वांगी, त्यांत दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण मसाला आणि वर लाल तवंग. ती आई करायची, मी जेवायचो. ओट्याशी उभं राहायची वेळ इथे आली, आणि सुरुवात झाली ‘इमाम बायल्दी’ या भाज्या भरून भाजलेल्या वांग्यांपासून.

बाजारात तेयझेंनी केमेर जातीची वांगी घेतली. लांब, सडपातळ, वीतभर. प्रत्येक वांगं तळहातावर तोलून पाहिलं आणि आकाराच्या मानाने हलकी तेवढी ठेवली. जड वांग्यात बिया जास्त निघतात. भरताचं वांगं निवडताना आईही हेच करते, त्यामुळे इथवर मी निर्धास्त होतो. घरी आल्यावर मात्र त्यांनी देठ ठेवून सालीची एक उभी पट्टी सोलली, शेजारची तशीच ठेवली, पुन्हा एक सोलली. वांगं पट्ट्यापट्ट्यांचं झालं. सगळी साल काढली तर शिजल्यावर आकार टिकत नाही, आणि सगळी ठेवली तर मीठ-तेल आत शिरायला वाट राहत नाही. मग अर्धा तास मिठाच्या पाण्यात, वर बशीचं वजन. बाहेर काढून फडक्याने पूर्ण कोरडं.

आणि मग तेल. तेयझेंनी ऑलिव्ह तेलाची बाटली उलटी केली ती मी हात पुढे करेपर्यंत सरळ केली नाही. “तेयझे, बास ना?” “नाही, ओउलुम, अजून पितं ते.” ओउलुम म्हणजे बाळा.

ते पितं हे खरंच. वांग्याचा गर म्हणजे हवेने भरलेला स्पंज. कच्चं वांगं तेलात टाकलं की त्या पोकळ्यांत तेल शिरतं आणि कढई कोरडी दिसू लागते. मिठाने आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी ढिल्या पडतात, म्हणून मिठाच्या पाण्यातून काढलेलं वांगं तेल थोडं कमी घेतं. पुढे उष्णतेने गर बसला, पोकळ्या दबल्या, की प्यायलेल्या तेलातलं काही पुन्हा बाहेर येतं. मला हे सगळं नवं होतं. आमच्याकडे तेल फोडणीला घालतात, ते मसाल्याचा वास उचलतं. इथे तेल हाच पदार्थाचा अर्धा भाग आहे, आणि तो स्वस्तातला भाग नाही.

काही घरांत वांगी आधी तळतात. जुन्या इस्तंबूलमध्ये घरं लाकडाची, आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यात वांगी तळताना लागलेल्या आगींनी मोहल्ले जळत असत. त्या आगी वांग्याच्याच नावाने ओळखल्या जात. तेयझे तळत नाहीत. त्यांनी वांग्यांना तेल चोळलं आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली, दाबलं की बोट सहज आत जाईपर्यंत. त्यांच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. तबकं भरून गल्लीतल्या पाववाल्याच्या भट्टीत पाठवायची आणि पाव निघाल्यावर उरलेल्या आचेवर ती भाजून यायची.

४ वांग्यांना ३ मोठे कांदे, लसणाच्या ७-८ पाकळ्या, २ टोमॅटो, हिरव्या लांब मिरच्या, मूठभर चिरलेली पार्स्ली, मीठ, चिमूटभर साखर. सारण एवढंच. मोहरी नाही, हिंग नाही, हळद नाही. “निदान जिरं?” मी विचारलं. “कांदा आहे ना,” त्या म्हणाल्या. कांदा उभा, पातळ चिरलेला आणि मंद आचेवर वीस मिनिटं; रंग बदलता कामा नये, फक्त गोड आणि मऊ व्हायला हवा. ही वीस मिनिटं मला सगळ्यांत अवघड गेली. आच वाढवायला हात शिवशिवत होता, पण तेयझेंनी बटणाला हात लावू दिला नाही.

भाजलेल्या वांग्याला एकच उभी चीर, दोन्ही टोकांना न पोचणारी. चमच्याच्या पाठीने गर बाजूला सारून जागा करायची, सारण दाबून भरायचं, वर टोमॅटोची चकती आणि मिरची. तळाला टोमॅटो पेस्ट कालवलेलं अर्धी वाटी पाणी. पुन्हा ओव्हनमध्ये, १८० अंशांवर ३५-४० मिनिटं.

तबक बाहेर आलं तेव्हा घरभर लसणाचा वास होता आणि मला भूक लागली होती. तेयझेंनी ते झाकून ओट्यावर ठेवून दिलं. अशीच दिसणारी पण खिमा भरलेली वांगी इथे गरमच वाढतात, कारण मटणाची चरबी निवली की थिजते, जिभेला चिकटते. ऑलिव्ह तेल खोलीतल्या हवेत पातळच राहतं. म्हणून या तेलात केलेल्या भाज्यांचा इथे एक वेगळा वर्गच आहे आणि तो सगळा निवलेला खातात. रात्रभरात टोमॅटोचं आंबट आणि कांद्याचं गोड गरात मुरतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर तेल घट्ट होतं, म्हणून तासभर आधी बाहेर काढायचं.

दुसऱ्या दिवशी पहिला घास घेतला तेव्हा तोंडात तिखटाची जागा रिकामी वाटली. मग वांग्याची स्वतःची चव कळू लागली, किंचित कडवट, मऊ, लोण्यासारखी नव्हे तर भाजीसारखीच; आजवर मसाल्याआडून ती मला कधी नीट भेटली नव्हती. वांगं आपल्याच उपखंडातून इराण आणि अरब मुलुख ओलांडून इथे आलं, आणि इथल्या लोकांनी त्याला तेल आणि वेळ दिला. मला आमची भरली वांगी आजही तितकीच प्रिय आहेत. पण पंगतीत शेजारी बसवावं असं हे दुसरं वांगं आहे, असं मी मनापासून म्हणतो.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. कूट नाही, मसाला नाही, हे तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “अरे, पण गार वांगं खायचं कशाशी? भाकरी कुठली तिकडे?”

“पावाशी,” मी म्हणालो. “आणि तबकातलं तेल शेवटी पावानेच पुसून घ्यायचं.”

“मग ते भाकरीनेही होईल,” ती म्हणाली, आणि ऑलिव्ह तेल सांगलीत कितीला मिळतं ते विचारू लागली.