न चाललेले जोडे

वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटखाली एक एअर जॉर्डन जोडा राहतो. ‘राहतो’ असेच म्हटले पाहिजे, कारण त्याला स्वतःचे खोके आहे, पुसायला स्वतंत्र ब्रश आहे आणि पावसाळ्यात पूर्ण रजा आहे. त्याचा मालक त्या दिवसांत साध्या चपला ओढीत कॉलेजात येतो. वर्षभर शिकवण्या करून त्याने हा जोडा घेतला.

‘जोडे झिजवणे’ हा आपला वाक्प्रचार या शौकिनांच्या गावी नाही. तिथे झिजला की भाव उतरतो. खोक्यातून बाहेरच न आलेला जोडा सर्वांत कुलीन! कंपनी मुद्दाम थोडेच जोडे काढते, लोक रांगा लावतात आणि काही जण तोच माल लगेच चढ्या भावाने विकतात. न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली निघालेल्या ‘सुप्रीम’ या दुकानाने तर २०१६ मध्ये आपले नाव उमटवलेली वीट ३० डॉलरला विकली, आणि ती हातोहात खपली. आमच्या गावच्या वीटभट्टीवाल्याला हे कुणी सांगू नये; बिचारा उगाच हळहळेल.

गंमत अशी, की मायकेल जॉर्डनने १९९८ च्या अंतिम मालिकेत घातलेला, घाम प्यालेला जोडा २०२३ मध्ये लिलावात २२ लाख डॉलरच्या वर गेला. म्हणजे झिजण्याला किंमत आहे. फक्त पाय कुणाचे, ते पाहिले जाते.

जॉर्डनच्या नावाचा पहिला जोडा १९८५ साली ६५ डॉलरला बाजारात आला. त्याच्या लाल-काळ्या बुटांना बास्केटबॉल संघटनेने हरकत घेतली, तर कंपनीने त्या बंदीचीच जाहिरात केली. गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांना तो जोडा आपला वाटला. पुढे १९८९ मध्ये मेरीलँड राज्यात पंधरा वर्षांच्या एका मुलाचा अशाच जोड्यासाठी खून झाला. हे वाचल्यापासून शेजारच्या खोक्याची थट्टा माझ्याने पूर्वीइतकी होत नाही.

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हणही मला कधी आवडली नाही. तिला माणसाची पायरी दाखवण्याचा वास येतो. माझ्या आजोबांना लहानपणी पाटलाच्या वाड्यावरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्याच्या पायांवर अशी नजर होती, त्याला जोडा म्हणजे निव्वळ कातडे कसे वाटेल? फरक इतकाच, की आजोबांना वहाणा पायांत हव्या होत्या, खोक्यात नव्हे. मुंबईला गिरणीत लागल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी करकर वाजणाऱ्या नव्या वहाणा घेतल्या आणि त्या घालूनच ते गावी गेले. वाड्यासमोर आल्यावर म्हणे त्यांनी चाल जरा मंद केली. करकर आत ओसरीपर्यंत ऐकू गेली, असे आजी सांगते.