राखेची पुरचुंडी

आमच्या आजोबांच्या शिकारीच्या सामानात बंदुकीखालोखाल मान होता तो राखेच्या पुरचुंडीला. चुलीतली वस्त्रगाळ राख जुन्या धोतराच्या तुकड्यात सैलसर बांधलेली असे. पुरचुंडीला टिचकी मारली की राखेचा पुसट ढग उठे. तो जिकडे सरके तिकडे आपला वास चालला आहे, असे समजायचे. तिरोडीच्या मँगनीज खाणीत हिशेब लिहिणारे आजोबा रानात वाऱ्याचा हिशेब ठेवीत.

सांबर आणि चितळ यांचा मोठा भरवसा नाकावर असतो. निश्चल उभा राहिलेला माणूस समोर असूनही त्यांना पुष्कळदा उमगत नाही. परंतु वास लागला की दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. सांबर शेपूट उभारते, पुढचा पाय आपटते आणि त्याच्या एका खणखणीत हाकेने सारे रान सावध होते.

डोंगरउतारावरच्या वाऱ्याला वेळापत्रक असते. रात्री गार झालेली जड हवा उताराने खाली, नाल्याकडे वाहते. म्हणून पहाटे जनावराकडे खालून वर जायचे. ऊन तापले की हवा वर चढू लागते. मग वरून खाली उतरायचे. या दोहोंच्या मधली घटका मोठी फसवी. त्या वेळी वारा थबकतो, घुटमळतो आणि केव्हा फिरेल याचा नेम नसतो. नाल्याच्या वळणात तर तो गोल फिरतो, म्हणून तेथे दबा धरायचा नाही. दवाने ओलावलेल्या पहाटे वास जमिनीलगत रेंगाळतो, हेही ध्यानात ठेवायचे. आदल्या दिवसापासून साबण, तंबाखू, कांदा वर्ज्य. कपडे रात्रभर अंगणात वाऱ्यावर टाकलेले. आजोबांबरोबर जाणारा गोंड वाटाड्या म्हणे, "बाबूजी, आपला वास आपल्याला येत नाही. तो दुसऱ्याकडूनच कळतो."

जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँतल्या अनुभवावरून नोंदवले आहे की, माणसाचे नाक अधू असते हे वाघाला ठाऊक नसते. नरभक्षक झालेला वाघ माणसावरही वाऱ्याच्या उलट दिशेनेच चालून येतो. म्हणजे वाऱ्याचे शास्त्र शिकाऱ्यापूर्वी वाघाचे. आपण ते उसने घेतले.

१९५६ च्या प्रांतरचनेला पाच-सहा वर्षे लोटली असतील. पौषातल्या एका पहाटे आजोबांनी आम्हां भावंडांना प्रथमच बरोबर नेले. परवाना रीतसर होता. सागाच्या उतारावर, आमच्या बरेच वर, मोठ्या शिंगांचे सांबर उभे होते. वारा तोंडावर होता. आम्ही ओणव्याने सरकत असताना डोंगरावर ऊन आले. आजोबांनी पुरचुंडीला टिचकी दिली. राख क्षणभर लोंबकळली आणि हळूच वर, सांबराच्या दिशेने निघाली. आमच्यापैकी एकाच्या केसांना आदल्या सायंकाळचे चमेलीचे तेल होते. आजोबांनी ती राख पाहिली होती. तरीही त्यांनी बंदूक खांद्याला लावली. सांबर वळले त्याच क्षणी बार झाला, आणि गोळी पोटात बसली.

दिवसभर रक्ताचा माग काढला. तो बांबूच्या बेटात हरवला. तिसऱ्या दिवशी गिधाडे घिरट्या घालताना दिसली, तेव्हा जागा कळली.

घरी तेलाचा विषय निघाला आणि आमच्या माना खाली गेल्या. तेव्हा आजोबा म्हणाले, "तेलाला दोष देऊ नका. राख फिरलेली मी पाहिली होती." त्यानंतर त्यांनी बंदूक उचलली नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पुढे आला, आणि परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आमच्या घरी ती त्याआधीच बंद झाली होती.

चोरटी शिकार मात्र संपलेली नाही. विजेची तार जनावरांच्या वाटेवर पसरून ठेवणाऱ्याला वारा ओळखावा लागत नाही, रात्री जागावे लागत नाही, काय मेले ते पाहावेही लागत नाही. जुन्या शिकारीची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. परवाना, बंदूक आणि ऐट यांत वाढलेल्या आमच्यासारख्या घरांनी रानाला काय दिले आणि काय नेले, याचा जमाखर्च आमच्याही विरुद्ध जाईल. आपला वास आपल्याला येत नाही, हे वाटाड्याने सांगितले ते केवळ साबण-तेलापुरते नव्हते, असे आता वाटते.

तिरोडीला गेलो की पहाटे गावाबाहेरच्या उतारावर जाऊन बसतो. हाती राख असते, बंदूक नसते. वारा तोंडावर असला तर कधी एखादे चितळ चरत चरत जवळ येते. ऊन चढते, राख वर सरकू लागते. तेव्हा आम्ही उठतो आणि मागच्या मागे निघून येतो.