जास्तीचे चाळीस रुपये

मुलांनो, औंढा नागनाथाच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला कधी गेला आहात का? माणसं जातात दर्शनाला. पण परतताना पाहा! कुणाच्या हातात रेवड्यांची पुडी, कुणाकडे बांगड्या, लहानग्याच्या तोंडात पिपाणी. घ्यायची सक्ती कुणी केलेली नसते. मग खिशाला चाट का लावून घेतात?

मला हा प्रश्न पडला १९९५ साली. आमचं जवळा बाजार तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला १९९९ मध्ये. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरलं. पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली झालं होतं. ते आता आमच्या दारात आलं होतं! अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन एस. टी.ने निघाले. आईने बजावलं, "चष्म्याची काडी तेवढी बसवून या."

अण्णांचं छोटं किराणा दुकान. मेथीची जुडी घेतानाही चार आण्यांसाठी घासाघीस करायचे.

अध्यक्ष होते कवी नारायण सुर्वे. अनाथ बाळ म्हणून एका गिरणी कामगाराला सापडले, त्यानेच त्यांना वाढवलं. पुढे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. अण्णा मान हलवत ऐकत होते.

भाषणं संपली. आता घरी जायचं, पण आम्ही पुस्तकांच्या गाळ्यांकडे वळलो. अण्णांनी 'माझे विद्यापीठ' उचललं आणि उभ्या उभ्या पानं उलटू लागले. गाळेवाला "घ्या, घ्या" म्हणाला नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं. बऱ्याच वेळाने अण्णांनी चाळीस रुपये काढून दिले. घासाघीस नाही की काही नाही. ते पैसे चष्म्याचे होते!

वाटेत म्हणाले, "ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो, त्याला घरी न्यायला नको का?" महिनाभर दोरा बांधलेल्या चष्म्यातून त्यांनी ते वाचलं. (मीसुद्धा सगळी पोरं घेतात म्हणून प्लॅस्टिकचं घड्याळ घेतलं होतं. ते एस. टी.त बसेपर्यंतच टिकलं.)

पुढच्या वर्षी शाळेचं स्नेहसंमेलन झालं. फोटोचे पंधरा रुपये, 'ऐच्छिक'. पण रोज प्रार्थनेनंतर पैसे न दिलेल्यांची नावं वाचायचे. माझं नाव चौथं. तिसऱ्या दिवशी मी घरी रडलो. अण्णांनी गल्ल्यातून पंधरा रुपये काढून मुकाट्याने दिले. तो फोटो त्यांनी कधी हातात घेतला नाही.

पालकहो, माणूस तोच, आणि चाळीसपेक्षा पंधराच त्याला जड गेले. गाळ्यावर त्यांनी पुस्तक हाताळलं, स्वतः ठरवलं. न घेता निघाले असते तरी कुणी हसलं नसतं. शाळेत मात्र 'ऐच्छिक' हा शब्द नुसता कागदावर होता.

आता मी शिक्षक आहे. स्नेहसंमेलनाचे फोटो भिंतीवर लावतो, खाली क्रमांक लिहितो. हवा असेल त्याने मला हळूच क्रमांक सांगायचा. घेणाऱ्यांची वही आहे, न घेणाऱ्यांची यादी नाही.

गेल्या वर्षी एका मुलीने फोटो घेतला नाही. मात्र रोज मधल्या सुट्टीत येऊन ती सात नंबरचा फोटो बघून जायची. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत तो मी भिंतीवरून काढला नाही.