कॅरॅव्हॅनचा नंबर

त्या सकाळी ड्राइव्हवेवर फक्त तुटलेलं हिचलॉक पडलं होतं. पोलिसांनी फोनवर विचारलं, “कॅरॅव्हॅनचा नंबर?” मी आपला गाडीचा सांगितला. इथे ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनला स्वतःची नंबरप्लेट नसतेच. ओढणाऱ्या गाडीचाच नंबर मागे लावायचा. चोराने पाटी बदलली की झालं! खरी ओळख म्हणजे खिडक्यांच्या काचांवर कोरलेला १७ अंक-अक्षरांचा क्रमांक. १९९२ पासून ‘क्रिस’ या योजनेत त्याची नोंद होते.

आमची सेकंडहँड. नोंद आपल्या नावावर करून घ्यायची होती, ‘पुढच्या आठवड्यात’ करत तीन वर्षं गेली. आणि कागद? कॅरॅव्हॅनमध्येच, आईच्या पितळी मिसळणाच्या डब्याशेजारी. विम्याच्या अटीत व्हील क्लॅम्पही होता. तो जड म्हणून मी गॅरेजमध्ये ठेवलेला. पैसे मिळाले नाहीत. त्याचं वाईट वाटलंच, पण डब्याची आठवण आली की अजून जेवण जात नाही.

यंदा पुन्हा एक घेतली, जुनीच. घरी आणल्याबरोबर लेकीने काचेवरच्या नंबराचा फोटो काढला आणि स्वतःच्या फोनमध्ये ठेवला. रोज रात्री विचारते, “बाबा, क्लॅम्प लावला?” मी हो म्हणतो. तरी ती टॉर्च घेऊन बघून येते.